नानांची चाल

पोंकाच्या गाड्या लागल्या की माझ्या तळहातांना घाम फुटतो. बाहेर गारवा असतो, तापीवरून वारा येत असतो, लोक स्वेटर घालून गाड्यांभोवती उभे असतात. निखाऱ्यात भाजलेली ज्वारीची हिरवी कणसं कापडात गुंडाळून झोडपतात, त्याचा धपधप आवाज येतो. खानदेशात आम्ही याला हुरडा म्हणायचो, सुरतेत आल्यावर तो पोंक झाला. काल घरात पुडी आली, सोबत लिंबूमिऱ्याची शेव. कोवळे दाणे दातांखाली फुटले, त्यांचा गोडसर रस जिभेवर आला आणि छातीत तेच जुनं धडधडणं सुरू झालं. नाना थिएटरात गेले तर नसतील?

नानांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. ते थिएटर पाडून तिथे कापडाची दुकानं उभी राहिली. तरी हा मोसम आला की माझी भीती तिच्या वेळेवर हजर होते.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्याची. मी बावीस वर्षांची होते. कतारगामच्या रस्त्याला आम्ही वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो, खाली कापड विणणारे लूम. लूम चालू असले की फरशी थरथरायची, तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची, आणि घरी रेघ काढायला बसलं तर रेघही थरथरायची. वडील पोस्टमन. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. अमळनेरकडचं खेडं सोडून ते नोकरीसाठी सुरतेला आले आणि इथलेच झाले. घरात अहिराणीच चालायची. इथे ती मी बहुतेक साध्या मराठीत लिहिते आहे.

त्या हिवाळ्याच्या चार वर्षं आधी एका अरुंद गल्लीत कापडाच्या गाठींनी भरलेली हातगाडी उतारावर सुटली आणि नानांच्या डाव्या पायावरून गेली. हाड जुळलं, पण वाकडं. साहेब म्हणाले, आता ऑफिसात बसून टपाल निवडा. नानांनी ऐकलं नाही. त्यांनी टपाल वाटायची लहान बीट मागून घेतली आणि पिशवी पुन्हा खांद्याला लावली. घरात तेलाच्या बाटल्या आल्या, लेप आले, एका वैद्याचा काढा आला. बाटल्या संपल्या, पाय तसाच राहिला. मग तो विषयच निघेनासा झाला.

मी एका छापकारखान्यात साड्यांच्या डिझाईनचं ट्रेसिंग करायची. कोयऱ्या, वेली, पुन्हा कोयऱ्या. भागळजवळ हसमुखभाईंचा स्टुडिओ होता. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर दुकानांच्या जाहिराती दिसायच्या, त्यांच्या काचेच्या स्लाइड ते रंगवायचे. पन्नाशीचे, बारीक, खिशाला नेहमी शाईचा डाग. तरुणपणी ते मुंबईत कार्टूनपट बनवायला शिकले होते आणि ते काम सुरतेत करायचं वेड त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. माझी रेघ बघून त्यांनी मला बोलावून घेतलं. मी कारखाना सोडला. आईला ते पटलं नव्हतं. चित्रं हलवून कोणाचं पोट भरतं, असं तिचं म्हणणं.

स्टुडिओत काचेचं मेज होतं, काचेखाली बल्ब. कागदांना वर दोन भोकं, ती मेजावरच्या खुंट्यांत बसवायची म्हणजे कागद सरकत नाही. खालचं चित्र वरच्या कागदातून दिसायचं; त्याच्यापासून केसभर पुढचं चित्र वर काढायचं. एका सेकंदाला बारा चित्रं. मेजाशेजारी एक आरसा टांगलेला. चेहरा काढायचा असेल तर आधी तो आपण करून बघायचा. पहिले दोन आठवडे हसमुखभाईंनी मला माणूस काढूच दिला नाही. गव्हाची गोणी काढायला लावली. म्हणाले, गोणीला राग आला पाहिजे. आज गोणी रुसली आहे. आज गोणीला कोणीतरी बोलवलंय, पण तिला जायचं नाही. मी आरशासमोर उभी राहून गोणीसारखी रुसायची. कागदांची चवड अंगठ्याने भराभर सोडली की गोणी खरोखर कोपऱ्यात जाऊन बसायची. मग दुपारचा डबा उघडायचीही आठवण राहायची नाही.

दिवाळीनंतर पहिलं मोठं काम आलं. एका मालिश तेलाची एक मिनिटाची जाहिरात. एक म्हातारा लंगडत चालला आहे. त्याची बस चुकते, बकरी त्याच्या हातातली भाजी खाते, पोरं मागे लागतात. मग तो तेल लावतो आणि घोडागाडीला मागे टाकत पळत सुटतो. तेलाच्या शेठजींना लोक खदखदून हसायला हवे होते.

म्हातारा माझ्याकडे आला. मी त्याला लंगडता केला. हसमुखभाईंनी कागद अंगठ्याखालून सोडले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बेन, आमां वजन नथी," ते म्हणाले. याला वजनच नाही. "हा माणूस लाकडाचा आहे. माणूस चालतो म्हणजे काय करतो? दर पावलाला पडतो. पडतां पडतां बची जाय, एनुं नाम चालवुं." पडता पडता वाचणं, त्याचंच नाव चालणं.

मी पुन्हा काढलं. पुन्हा नाही म्हणाले. आठवडा गेला. चित्रं मुंबईला पाठवायची तारीख ठरलेली होती. तिथल्या कॅमेऱ्याखाली ती एकेक करून उतरवली जाणार होती. मला जेवण जाईना. स्वप्नात तो म्हातारा यायचा, पाय उचलायचा आणि तसाच अधांतरी थांबायचा. पुढचं चित्र मी काढलेलंच नसायचं. साड्यांचं ट्रेसिंग करणाऱ्या मुलीने हे काम घ्यायलाच नको होतं, असं रोज वाटायचं. कारखान्यात परत गेले तर घेतील का, हेही मनात घोळायला लागलं.

एका सकाळी मी गॅलरीत केस विंचरत होते. नाना कामाला निघाले. जिना उतरून रस्त्यावर आले आणि कोपऱ्याकडे चालू लागले. उजवं पाऊल टेकलं. डावा पाय बाहेरून अर्धं वर्तुळ घेऊन पुढे आला, टेकताना खांदा खाली गेला, मान किंचित मागे राहिली आणि मग सगळं शरीर एका हिसक्याने वर आलं. दर पावलाला पडणं आणि सावरणं. चार वर्षं हे माझ्या डोळ्यांपुढे होतं. कंगवा केसांत तसाच ठेवून मी आत पळाले आणि जुन्या वहीच्या पाठीमागे पेन्सिलने ओढत सुटले.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊनच उभी राहू लागले, कठड्याच्या आड धरून. नाना कोपऱ्यावर वळेपर्यंत जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं. पिशवी कोणत्या क्षणी कमरेवर आपटते? हात कधी उघडतो? डोकं आधी खाली जातं की खांदा? आज आठवलं की वाटतं, त्या दिवसांत मला त्यांचं दुखणं दिसतच नव्हतं. मला कोन दिसत होते. एकदा नाना खाली थांबले, वर पाहिलं, हात हलवला. मीही हलवला. वही दुसऱ्या हातात होती.

नवीन चित्रं हसमुखभाईंनी एकदा सोडली, पुन्हा सोडली. मग आपल्या चहातला अर्धा माझ्या कपात ओतला.

पुढचे दिवस कामात बुडून गेले. सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर, शाईने रेघा उतरवायच्या, उलट्या बाजूने रंग भरायचा. बोटांचा डाग पडू नये म्हणून पांढरे हातमोजे, त्यांची पेन धरायची तीन बोटं कापलेली. थंडीत रंग लवकर सुकायचा नाही, म्हणून सेल दोरीवर चिमट्यांनी टांगायचो. एका दुपारी मान वर केली तर दोरीवर ओळीने तीस-चाळीस नाना लटकत होते. वर म्हाताऱ्याचा चेहरा, टक्कल, गळ्यापर्यंत बटणं. खाली पाय मात्र माझ्या बापाचे. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की लोक हसणार आहेत ते या पायांना.

तरी मी बोलले नाही. पेटी बांधली, मुंबईला गेली. आपण काढलेलं आपल्यालाच पडद्यावर हलताना दिसलं नव्हतं, दिसणार होतं ते थेट थिएटरात, सगळ्या गावाबरोबर. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आसपास फिल्म लागेल, असं हसमुखभाई म्हणाले.

नानांना सिनेमाची भारी आवड. एक रविवार सोडून एक रविवार दुपारच्या खेळाला जायचेच. मला विचारायचे, "तुझी ती फिल्म कधी लागणार?" मी म्हणायची, "ठाऊक नाही. कदाचित बडोद्याला लागेल, इथे नाही." एका रविवारी ते निघाले तेव्हा मी म्हटलं, नाना, आज नदीवर पोंक खायला जाऊ. दुसऱ्या वेळी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. पोंक खातानाही माझं लक्ष नसायचं. दाणे तोंडात, शेव हातात, आणि मनात हिशेब की आजचा खेळ कधी सुटेल, पुढचा रविवार कसा टाळायचा. उत्तरायणाला सगळं गाव गच्च्यांवर, सगळ्यांच्या माना वर, पतंगांकडे. नाना तेवढे खाली बघून चालत होते, रस्त्यातल्या मांज्यात पाय अडकू नये म्हणून. मी हेही टिपलं, आणि स्वतःचीच शिसारी आली.

हसमुखभाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना आनंद झाला होता, म्हणून त्यांनी आमच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं. फिल्म अमुक थिएटरात लागली आहे, सहकुटुंब बघायला जा. आमच्या घरचं टपाल नाना ऑफिसातूनच घेऊन यायचे. त्या संध्याकाळी ते आले, पिशवी खुंटीला लावली आणि पोस्टकार्डासोबत रविवारची तीन तिकिटं माझ्यासमोर ठेवली.

"मुलीची फिल्म लागली आणि बापाला पोस्टाने कळतंय," ते म्हणाले. हसत होते.

रविवारी आईने ठेवणीतलं लुगडं काढलं. नाना कडेच्या खुर्चीवर बसले, तिथे पाय लांब करता येतो. मी मध्ये, पलीकडे आई. दिवे गेले. स्लाइड आल्या, त्यांतल्या दोन मीच रंगवलेल्या. मग एकदम संगीत वाजलं आणि पडद्याच्या डाव्या बाजूने तो आला.

माझं काम मी पहिल्यांदा जिवंत बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन-तीन सेकंद मला फक्त आनंद झाला. तो चालत होता. त्याला वजन होतं. जमिनीवर पाय टेकला की जमीन असल्यासारखी वाटत होती. मग थिएटर हसलं. बस चुकली, आणखी हसलं. पुढच्या रांगेतला एक माणूस मांडीवर थाप मारून हसत होता. आईचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट आवळला गेला.

"हाई काय करं व तू?" ती कुजबुजली. हे काय केलंस तू.

मी नानांकडे मान वळवू शकले नाही. कान त्यांच्याकडे लावले. ते हसले नाहीत. त्यांचा श्वास नेहमीसारखाच चालला होता. म्हाताऱ्याने तेल लावलं, घोडागाडीला मागे टाकून पळाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि मुख्य सिनेमा सुरू झाला. तो कोणता होता, मला आजही सांगता येणार नाही.

मध्यंतरात दिवे लागले. नाना उठले. "शेंगदाणे आणतो," म्हणाले. मी म्हटलं, मी जाते. "बस तू," ते म्हणाले, आणि खुर्च्यांमधल्या वाटेने दाराकडे निघाले. उजवं पाऊल, अर्धं वर्तुळ, खांदा. मागच्या रांगेतून एक लहान मुलगी मोठ्याने म्हणाली, "जो, पेला तेलवाळा काका." बघ, तो तेलवाला काका. तिच्या आईने तिला गप्प केलं, पण आजूबाजूचे चार लोक हसलेच. नाना थांबले नाहीत. शेंगदाणे घेऊन आले, तीन पुड्या, एकेक आम्हाला दिली आणि पाय लांब करून बसले.

खेळ सुटल्यावर घोडागाडी करू म्हटलं, तर नको म्हणाले. आई पुढे चालत होती, मुद्दाम अंतर ठेवून. संध्याकाळ होत होती. झाडाच्या फांद्यांना फाटके पतंग लटकले होते. नाना म्हणाले, "मनी चाल शे ती." माझी चाल आहे ती.

"हो."

"कधी काढलीस?"

"सकाळी. तुम्ही निघायचात तेव्हा, गॅलरीतून."

ते रस्त्यातल्या मांज्यावरून पाय उचलून पुढे झाले.

"मला वाटायचं, पोरीला काळजी वाटते म्हणून उभी राहते," ते म्हणाले. "म्हणून कोपऱ्यापर्यंत मी नीट चालायचो. होईल तेवढं सरळ. कोपरा वळलो की भिंतीला हात लावून थोडा थांबायचो."

मी म्हटलं, "नाना, चुकलं माझं."

"चुकलंच," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. "हात चांगला आहे तुझा. तेही खरं."

ती फिल्म होळीपर्यंत चालली. त्या दीड-दोन महिन्यांतला प्रत्येक दिवस मी त्यांच्या परतीची वाट बघत काढला. जिन्यावर पाऊल वाजलं की ओळखायचा प्रयत्न करायची, आज कोणी काही बोललं असेल का. त्यांच्या बीटमधली पोरं मागून तसं चालून दाखवतात, हे आई शेजारणीला सांगत असताना मी ऐकलं. आई त्या काळात माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. नाना काहीच सांगत नसत. मी गॅलरीत जायचं सोडलं. मग वाटलं, न जाणंही त्यांना दिसत असेल. दोन्ही बाजूंनी कोंडल्यासारखं झालं होतं.

त्यातच शेठजींचा निरोप आला. म्हातारा लोकांना आवडला आहे, त्याचीच दुसरी फिल्म हवी. मी हसमुखभाईंना म्हटलं, मी काढणार नाही. त्यांनी कारण विचारलं तेव्हा सांगून टाकलं की ती माझ्या वडिलांची चाल आहे. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"पहेलां केम ना कह्युं?" आधी का नाही सांगितलंस, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "घरी विचार. ते नाही म्हणाले तर मी शेठला नाही सांगतो. स्लाइड तर आहेतच."

विचारायला मला चार दिवस लागले. नाना जेवून सुपारी कातरत होते. मी सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसले.

"तुझ्या त्या फिल्ममध्ये मला एकच गोष्ट खटकली," ते म्हणाले. "लोक हसले ते हसले. पण तेल लावेपर्यंत तो माणूस कुठेच पोहोचत नाही. बस चुकते, भाजी जाते. मी रोज पोहोचतो, शालू. चार वर्षांत माझ्याकडचं एक पत्र परत गेलेलं नाही."

नंतर म्हणाले, "काढ. पण त्याला पोहोचू दे."

रविवारी लूम बंद असतात. त्या दिवशी फरशी स्थिर होती. नाना दारापासून खिडकीपर्यंत माझ्यासमोर चालले, अनवाणी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, भिंतीला हात लावत, काही न लपवता. मी कल्पना केली होती त्यापेक्षा तो पाय कितीतरी वाईट होता. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. थोड्या वेळाने तिने वळून मला सांगितलं, "वळताना ते दात आवळतात. ते काढलंस का?" आठ आठवड्यांनी ती माझ्याशी आपणहून बोलली ते हे.

दुसऱ्या फिल्ममध्ये म्हातारा लग्नाच्या पत्रिका वाटतो. जिने चढतो, थांबतो, दात आवळतो, दार वाजवतो. दार उघडणाऱ्यांचे चेहरे मी आरशासमोर उभी राहून केले होते. शेवटची पत्रिका दिल्यावर तो घरी येतो, पाटावर बसून पायाला तेल चोळतो आणि पाय पसरतो. पळत नाही. हसमुखभाईंनी शेठजींना काय सांगून हे गळी उतरवलं, मला ठाऊक नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर ती लागली. थिएटरात कोणी हसलं नाही. शेठजी नाराज झाले, दोन आठवड्यांत फिल्म उतरवली आणि तिसरी कधी मिळाली नाही. मी पुन्हा स्लाइड रंगवू लागले. पुढे शाळांसाठी काही छोट्या फिल्म केल्या, पण प्रत्येक माणूस काढताना हात आधी थबकायचा, ही चाल कोणाची आहे आणि त्याला विचारलं आहे का, म्हणून. तो धाक अजून गेलेला नाही. जाऊ नये असंही वाटतं.

नानांनी ती दुसरी फिल्म आमच्याबरोबर एकदा पाहिली. नंतर एकटेच जाऊन पाहून आले. ती उतरायच्या आदल्या दिवशी पुन्हा गेले, आणि तासाभरात घरी परत. आईने विचारलं, सिनेमा इतक्यात कसा सुटला?

"सिनेमा चालू आहे," नाना चपला काढत म्हणाले. "मला पाहायचं होतं तेवढं पाहून झालं."